खिंडसीचा गळ आणि उमरेडची खुर्ची

बेसा, नागपूर
मंगळवार

ती. स्व. कवडूमामा यांच्या सेवेशी,
अंजूचा नमस्कार.

"सोबत कोण आहे?" या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं असतं? मला माहीत नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे.

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण शनिवारी सकाळी खिंडसी तलावाच्या काठावर एका नावाड्याने मला हा प्रश्न विचारला आणि मी, आपल्या घरातली पहिली पदवीधर (जिच्या निकालाच्या दिवशी तुम्ही गल्लीभर बुंदी वाटली आणि समोरच्या नानाजींच्या म्हशीलाही खाऊ घातली), तोंड उघडं टाकून उभी राहिले. तीन वर्षांत मला इतक्या परीक्षांत इतके प्रश्न विचारले गेले, पण एवढा लहान आणि एवढा अवघड एकही नव्हता.

आता रीतीप्रमाणे लिहिते. तुमचा गुडघा कसा आहे? हातमागाच्या खड्ड्यात उतरताना अजून कटकन वाजतो का? वच्छलामामीचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. आईने फोनवर सांगितलं की खुर्ची अजून सापडलेली नाही, तुमचा सगळा संशय नानाजींवर आहे आणि तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलं आहे. खुर्चीबद्दल शेवटी लिहीन. मी इथे बरी आहे. वेळेवर जेवते. (आईला वाचून दाखवाल तेव्हा हे वाक्य दोनदा वाचा.)

फोन असताना पत्र काहून, असं मामी विचारेल. त्याचं कारण तुम्हीच आहात मामा. फोन केला की तुम्ही म्हणता, "हॅलो मॅडम, बरे आहा ना? ठेवतो मग, तुम्ही कामात असान." आणि खरोखरच ठेवता. पत्र मध्येच ठेवता येत नाही. ठेवलं तरी ते तिथेच पडून राहतं आणि मामी विचारते, काय लिहिलं आहे. म्हणून हा मार्ग.

तर झालं असं. गुरुवारी दुपारी चहाच्या वेळेला आमच्या सुमंत सरांनी सांगितलं की या आठवड्यात शनिवारीही सुट्टी आहे. (आमची संस्था विदर्भातल्या तलावांवर अहवाल लिहिते, हे मी तुम्हाला सांगितलं आहे. संस्थेतल्या कोणाचाही पाय गेल्या वर्षभरात तलावात ओला झालेला नाही, हे सांगितलं नव्हतं.) सगळे आपापल्या सुट्टीचं बोलू लागले. कोणाची आत्या येणार होती, कोणाला झोपायचं होतं. मग वैदेहीने मला विचारलं, तू काय करतेस गं सुट्टीत? आता मी सुट्टीत काय करते मामा? कपडे धुते, वाळत घालते, आणि ते वाळेपर्यंत बाल्कनीत उभी राहते. इथे बेशाला सगळ्या इमारती नव्या आहेत आणि माणसं त्याहून नवी. शेजारचे मला चारशे चार म्हणतात आणि मी त्यांना चारशे तीन. बाल्कनीतून समोरच्या बाल्कनीतली एक बाई दिसते, तीही कपडे वाळेपर्यंत उभी असते. आम्ही एकमेकींकडे बघून एकदा हसलो होतो. मग दोघींनाही अवघड वाटलं आणि आता आम्ही आलटून पालटून आत जातो.

हे सगळं वैदेहीला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, आमच्या घरी सुट्टीला मासे धरायला जातात. हे खोटं नाही. अमावास्येला माग बंद असायचा आणि तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून उमरेडच्या तलावावर न्यायचे, ती सुट्टीच होती. फक्त ती शेवटची कधी झाली हे मी सांगितलं नाही. आणि मग, कोण जाणे कुठून, माझ्या तोंडून निघून गेलं, "चला ना सगळे, परवा खिंडसीला जाऊ."

मामा, एकदम सगळे बोलू लागले. मला वाटलं, जमलं! माझं फार दिवसांपासून असं मत आहे की माणसांनी एकमेकांना कामाशिवायही भेटलं पाहिजे, आणि शक्यतो खुर्च्या नसलेल्या जागी. अपूर्वने लगेच मोबाइलवर ग्रुप काढला आणि त्याला "गळ-मंडळ" असं नाव दिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी अंगठे दाखवले. एकाने स्पीकर आणायचं कबूल केलं. वैदेही म्हणाली, मी येईन पण मासा धरला की लगेच सोडून द्यायचा, त्याची आई वाट बघत असते. अपूर्व म्हणाला, सोडून कसा देणार, अंजू सावजी आहे, तिखट रस्सा झालाच पाहिजे. सुमंत सर म्हणाले, यातून संघभावना वाढेल, मी छोटंसं भाषण तयार करतो. म्हणजे एक मासा सोडून द्यायला येणार होता, एक खायला, एक त्याच्यासमोर भाषण करायला. मासे धरायला एकटी मीच, पण त्या वेळी मला ते लक्षात आलं नाही. मी फार आनंदात होते.

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या आधी इतवारीत गेले. दोऱ्या आणि जाळी विकणारी जी दुकानं आहेत, तिथे. दुकानदाराने विचारलं, किसके लिए चाहिए, भैया के लिए? मी म्हटलं, मेरे लिए. त्याने नोकराकडे पाहिलं, नोकराने माझ्याकडे. मग त्याने मला दोन तुकड्यांची, एकात एक बसणारी काठी दाखवली आणि म्हणाला, ये ले जाओ मॅडम, फोटो अच्छा आता है. मी त्याला सांगितलं की मी विणकराच्या घरची आहे, लहानपणापासून गळ टाकते. तो म्हणाला, अच्छा अच्छा, आणि गुलाबी रंगाचं एक बूच फुकट दिलं. हातगाड्यांमधून ती काठी घेऊन बाहेर पडताना तीन माणसांच्या टोप्या आणि एका माणसाचा विग पाडला. (विग होता हे त्या माणसाने कबूल केलं नाही. तो तसाच निघून गेला आणि मी ती वस्तू उचलून बाजूच्या पोत्यावर ठेवली.)

आमिष मी आदल्या रात्रीच शिजवून ठेवलं होतं. तुम्ही सुताला लावायची खळ उरली की त्यात गूळ आणि मेथी घालून गोळा करायचे, तसंच. इथे खळ कुठली, म्हणून कणकेची शिजवली. दिवसभरात आंबू नये म्हणून डबा ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी पाहते तर अर्धा डबा रिकामा. अपूर्व म्हणाला, अंजू, ती तुमची मिठाई छान होती, थोडी चिकट होती पण गावरान चव होती. मी त्याला काय सांगणार? मी म्हटलं, आवडली ना, बस्स.

संध्याकाळपासून ग्रुपवरचे अंगठे नमस्कारात बदलू लागले. वैदेहीच्या आईचा गुडघा दुखायला लागला. (तुमच्या गुडघ्याची आठवण आली.) स्पीकरवाल्याचा स्पीकर बिघडला, आणि स्पीकरशिवाय तो कुठे जात नाही. अपूर्वच्या चुलत भावाचं साक्षगंध अचानक निघालं. ते साक्षगंध खरं होतं की माझं आमिष त्याच्या पोटात बोलत होतं, याचा उलगडा अजून झालेला नाही. सर्वांत शेवटी सुमंत सरांनी लिहिलं, तू जाऊन ये, बघून ये, मग आपण सगळे पुढच्या वेळी नक्की. खाली त्यांनी भाषणही पाठवलं होतं, कोणाला वाचायचं असेल तर.

तुम्ही म्हणाल, मग नव्हतं जायचं. मीही तेच म्हणत होते. पण काठी दाराआड उभी होती, आणि शेजारच्या चारशे तीननी विचारलं होतं की ही जळमटं काढायची काठी आहे का, असेल तर उद्या देता का. मी म्हटलं, नाही, उद्या मी मासे धरायला चालले आहे. एकदा सांगितल्यावर काय करणार? या इमारतीत वर्षभरात मला कोणी विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता, त्याचं उत्तर खोटं कसं करू?

म्हणून शनिवारी पहाटे रामटेकची बस धरली आणि तिथून ऑटोने खिंडसीला गेले. मामा, केवढं पाणी आहे तिथे! उमरेडचा तलाव त्याच्या एका कोपऱ्यात बसेल आणि कोणाला कळणारही नाही. चारी बाजूंनी टेकड्या, पाण्यावर पांढरे पक्षी, आणि काठावर एक नाव. नावेत शालिकरामभाऊ नावाचे नावाडी बिडी ओढत बसले होते. मी रीतसर विचारलं की गळ टाकायला कोणाची परवानगी लागते का. ते म्हणाले, आमच्या सोसायटीची लागते, मी तिचाच मानूस आहो, जाळं नका टाकू म्हणजे झालं. मग म्हटलं, नावेतून जरा आत न्याल का? तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, ऑटो गेला त्या रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सोबत कोन आहे?"

मी हातातल्या काठीकडे पाहिलं.

ते म्हणाले, "एकट्या मानसाले मी नावेत नेत नाही. काठावर बसा. आन पान्यापासून जरा मागं बसा."

मला वाटलं, नियम असेल. मी बसले, काठी जोडली, गुलाबी बूच लावलं, गळ टाकला. पाहते तर शालिकरामभाऊ नाव सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. मी सरकले की तेही सरकायचे. मी पाय धुवायला उठले तर तेही उठले. थोड्या वेळाने त्यांनी कोणाला तरी फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाले, "हो हो, एकटीच आहे. शिकलेली दिसते. तू ये लवकर." मी घाबरले. पण आली ती त्यांची बायको, यमुताई, हातात चहाची किटली घेऊन. ती माझ्या दुसऱ्या बाजूला बसली, माझा हात धरला आणि विचारलं, "घरी भांडन झालं का वं बाई?"

मी म्हटलं, नाही.

"कोनी पोरगा हाय का?"

"नाही हो."

"मंग नापास झाली का?"

"नाही यमुताई," मी म्हटलं, "पास झाले. तिथूनच तर सगळं सुरू झालं."

मामा, मला तेव्हा कळलं की त्या दोघांना काय वाटत होतं. एकटी पोरगी, भल्या सकाळची वेळ, एवढं मोठं पाणी. मला हसू यायला हवं होतं, आणि खरंच आलं. पण हसता हसता भलतंच झालं आणि यमुताईने किटली खाली ठेवून मला जवळ घेतलं. त्यामुळे तिचा संशय पक्का झाला तो झालाच. मग मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे मी इथे का आले ते. ते तुम्हालाही सांगायचं आहे, पण तुमच्यासमोर सांगता येत नाही, कारण तुमच्यासमोर मी खुर्चीवर असते.

मला नोकरी लागली आणि तुम्ही ती लाल खुर्ची आणली. हाताची, पाठीची, चांगली भक्कम. मी आले की तुम्ही मागावरून उठता, खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती पुसता आणि म्हणता, "बसा मॅडम." मी बसते. आई खाली, मामी खाली, तुम्ही दाराशी उभे. चहा काचेच्या कपाटातल्या कपातून येतो. मी खाली बसायला गेले की आई म्हणते, "काहून वं, खुर्ची असून खाली काहून बसून राहिली?" आणि तुम्ही म्हणता, "कपडे खराब होतीन तुमचे." मग कोणालाच काही बोलायचं नसतं. मी वरून तुमच्या सगळ्यांची डोकी बघते आणि तुम्ही माझ्या चपला. शिकताना मला वाटायचं, आपण शिकलो की घर वर येईल. झालं असं की मीच एकटी वर आले, तेही प्लास्टिकच्या चार पायांवर. ऑफिसात मी कोणाची नाही, हे समजू शकते, ते नवीन आहेत. पण आपल्या घरात मला पाहुणी कोणी केलं, हे मला अजून समजलेलं नाही. प्रेमानेच केलं, हे मात्र समजतं, म्हणून रागावताही येत नाही.

असो. मी हे सांगत असताना बूच बुडालं.

आधी शालिकरामभाऊ ओरडले, मग यमुताई, मग मी. काठी अशी वाकली मामा, की मला वाटलं तलावच वर येतो आहे. मी मागे मागे सरकत होते, यमुताईने माझी ओढणी धरून ठेवली होती (अजूनही तिला भरवसा नव्हता), आणि पाण्यात एक रोहू उलटा झाला, त्याचं पांढरं पोट दिसलं, परातीएवढा तरी असेल. (बरं, मोठ्या ताटलीएवढा.) आणि मग एकदम काठी सरळ झाली. मी मागच्या मागे यमुताईवर, यमुताई किटलीवर.

दोरी ओढून पाहिली. दोरी शाबूत, टोकाला गळ नाही, आणि टोक शेळीच्या शेपटीसारखं वळलेलं. पाहताक्षणी ओळखलं. मी गळाला आपली गाठ मारली होती, धागा जोडायची, जी तुम्ही मला मागावर शिकवली आणि जी मी झोपेतही मारते. सुताला ओल लागली की ती आवळते. नायलॉनला लागली की सुटते. गळाची गाठ वेगळी असते, पण ती मला येत नाही. ती नेहमी तुम्ही मारायचे, वाऱ्याकडे पाठ करून, टोक दातात धरून, आणि मला म्हणायचे, "अंजे, तू फक्त बुचावर ध्यान ठेव वं." मी ठेवलं. बारावीपर्यंत ठेवलं. पुढच्या वर्षी शिकवतो म्हणाले होते, आणि पुढच्या वर्षी मी नागपूरला आले.

त्या दोघांनी मला मग एकटं सोडलंच नाही. घरी नेऊन भाजी-भाकर खाऊ घातली. रामटेकला शालिकरामभाऊंनी स्वतः बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या कंडक्टरने मला खिडकीपासून उठवून एका म्हातारीशेजारी बसवलं आणि नागपूरपर्यंत दर थांब्याला मागे वळून मी आहे का ते पाहिलं. उतरताना म्हणाला, "ताई, पुढचा पेपर चांगला जाईल." एवढी काळजी वर्षभरात माझी कोणी केली नव्हती. गैरसमजातून का होईना.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, मस्त. वैदेहीने विचारलं, मासा सोडून दिलास ना? मी म्हटलं, हो, गळासकट.

बाकी सर्व ठीक. मामीला आणि आईला नमस्कार. हे पत्र पोस्टात टाकत नाही, उमरेडच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देते आहे, म्हणजे आजच मिळेल. सोबत काठीचा वरचा तुकडा आहे. खालचा माझ्याकडे आहे.

आपली,
अंजे
(मॅडम नाही)

ता. क. काठीचा एकच तुकडा पाहून तुम्ही म्हणाल, पोरगी शिकून बावळट झाली. तसं नाही. एका तुकड्याने मासे धरता येत नाहीत, एवढं माझ्या लक्षात आहे. मला गळाची गाठ शिकायची आहे. मोबाइलवर ती दाखवणारे व्हिडिओ आहेत, मी पाहिले. त्यात हात छान दिसतात, पण तो माणूस मध्येच थांबून "समजलं का वं?" असं विचारत नाही.

ता. क. दुसरा. शालिकरामभाऊंना काल फोन करून येत्या शनिवारची नाव ठरवली आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, सोबत कोन आहे. या वेळी मी म्हटलं, मामा. ते म्हणाले, मंग काही हरकत नाही. तेव्हा तुम्ही आला नाहीत तर मला पुन्हा काठावरच बसवतील आणि यमुताई या वेळी ओढणी नाही, पाय बांधेल. गुडघा दुखतो ही सबब चालणार नाही, ती वैदेहीच्या आईने आधीच वापरली आहे. मी शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येते.

ता. क. तिसरा. खुर्चीबद्दल. नानाजींशी आजच बोला आणि त्यांच्या म्हशीलाही थोडी बुंदी द्या, ते निर्दोष आहेत. मागच्या खेपेला मी पहाटेच्या पहिल्या बसने निघाले, तेव्हा तुम्ही सगळे झोपले होते. खुर्ची मी डोक्यावर घेऊन बसस्टँडवर गेले आणि भैय्याजींच्या चहाच्या टपरीला देऊन टाकली. त्यांना सांगितलं, आमचे मामा आले की त्यांनाच यावर बसवायचं. आई म्हणते, हल्ली भैय्याजी तुम्हाला फार मान देतात, बाकावरच्या लोकांसमोर खुर्ची पुसून देतात, आणि तुम्ही तिच्यावर बसून रोज चहा पिता आणि खुर्चीचोराला शिव्या देता. तीच ती, मामा. तुम्ही तिच्यावर आधी कधी बसलाच नव्हता, म्हणून ओळखू आली नाही. परत मागू नका, ती न देण्याचं वचन मी भैय्याजींकडून घेतलं आहे. आता आपल्या घरात मला बसायला तुमच्या मागाच्या काठाशिवाय जागा उरलेली नाही. शुक्रवारी थोडं सरकून बसा.